हृद्रोगाचीं औषधें आणि त्यांचे उपद्रव

सुशिक्षित कुटुंबांत देवघराशेजारच्या फळीवर पूर्वीं पंचांग, उदबत्तीचा पुडा आणि आजोबांच्या चष्म्याचें घर एवढ्याच वस्तु असत. आतां तेथें सात खणांची एक डबी आली आहे. प्रत्येक खणावर वाराचें नांव, आणि आंत पांढऱ्या, पिवळ्या, तांबूस गोळ्या. घरांत साठी उलटलेलीं दोन माणसें असलीं तर डब्या दोन. आणि त्या भरण्याचें काम बहुधा सूनबाईंकडे. रक्तदाबाची एक, हृदयाचे ठोके आवरण्याची एक, रक्त गोठूं नये म्हणून एक, रक्तांतील मेद उतरविण्याची एक. या गोळ्यांनीं माणसांचें आयुष्य खरोखर वाढविलें आहे. ज्या वयांत आमच्या आधींच्या पिढींतील कर्ते पुरुष छातीवर हात ठेवून एका रात्रींत जात, त्या वयांत आज माणसें नातवंडांस शाळेंत पोंचवून येतात. त्या उपकाराविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. आजचा आमचा विषय त्या उपकाराबरोबर घरांत शिरणाऱ्या त्रासाचा आहे. आणि त्याहूनही अधिक, तो त्रास कोणी कोणास सांगत नाहीं याचा आहे.

आमच्या पाहण्यांत दोन प्रकारचीं माणसें येतात. पहिला प्रकार सोसणाऱ्यांचा. गोळी सुरू झाल्यापासून डोकें जड होतें, पाय सुजतात, रात्रीं खोकला थांबत नाहीं. पण "वय झालें, चालायचेंच" असें म्हणून तीं गप्प बसतात. दुसरा प्रकार गुपचूप सोडणाऱ्यांचा. यांची डबी आठवड्याच्या अखेरीस नेमानें रिकामी होते. मात्र गोळी पोटांत न जातां तुळशीच्या कुंडींत जाते. दोहोंच्या मुळाशीं एकच संकोच असतो. औषधाचा खर्च मुलगा करतो, डबी सून भरते, डॉक्टरांकडे नेण्यासाठीं कोणी तरी रजा घेतो. अशा वेळीं "ही गोळी मला सोसत नाहीं" असें म्हणणें म्हणजे या सर्वांच्या कष्टांस नांव ठेवणें, असें वृद्ध माणसांस वाटतें. बायकांच्या बाबतींत तर हें दुप्पट खरें. आपल्या दुखण्यानें घराचा दिनक्रम मोडूं नये, ही शिकवण त्यांच्या हाडीं इतकी खिळलेली असते कीं, विचारल्यावरही त्या "तसें कांहीं नाहीं" असेंच उत्तर देतात.

घरोघर या त्रासास ‘साइड इफेक्ट’ म्हणतात. दुष्परिणाम हा मराठी शब्द रूढ आहे, परंतु त्यास औषधाच्या अंगीं कांहीं दुष्ट हेतु असल्याचा वास येतो. जुन्या वैद्यकांत उपद्रव हा शब्द आहे. मूळ रोगाच्या मागून येऊन त्याच्याच आश्रयानें राहणारा जो दुसरा त्रास, तो उपद्रव. औषधामागून येणाऱ्या त्रासासही आम्ही या लेखापुरता तोच शब्द लावतों. चरकसंहितेच्या निदानस्थानांत असा विचार आला आहे कीं, जो उपचार एक रोग शमवितो आणि दुसरा उठवितो तो शुद्ध उपचार नव्हे. कसोटी उत्तम खरी. पण हृदयाच्या आजच्या औषधांपैकीं एकही तिला पूर्णपणें उतरणार नाहीं.

याचें कारण औषधाच्या कामकाजांतच आहे. गिळलेलें औषध रक्तांत मिसळून नखशिखांत फिरतें. हृदय कोणतें आणि मस्तक कोणतें हें त्यास कळत नाहीं. हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल करणारें द्रव्य मस्तकाच्याही रक्तवाहिन्या सैल करणार. म्हणून छातींत कळ आली असतां जिभेखालीं ठेवण्याची जी नायट्रेटची गोळी, तिनें कळ थांबते आणि त्याच वेळीं डोकें ठणकूं लागतें. लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनीं १८७९ सालीं नायट्रोग्लिसरीनचा हृच्छूळावरील उपयोग प्रसिद्ध केला. त्याच द्रव्यापासून सुरुंगाची दारू होत असे, आणि त्या कारखान्यांतील कामकऱ्यांस सोमवारीं हटकून मस्तकशूळ होई. आठवड्याच्या मध्यास शरीर सरावे, रविवारच्या सुटींत तो सराव मोडे, आणि सोमवारीं पुनः तेंच. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांस आयुष्याच्या अखेरीस हृदयविकारावर डॉक्टरांनीं नायट्रोग्लिसरीनच घेण्यास सांगितलें, हा दैवाचा विनोद त्यांनीं स्वतः एका पत्रांत नमूद केला आहे. सांगावयाचें इतकेंच कीं, ही डोकेदुखी बहुधा कांहीं दिवसांत ओसरते. जिभेखालची गोळी मात्र नेहमीं बसून घ्यावी. उभ्यानें घेतल्यास रक्तदाब उतरून घेरी येते आणि छातीचें दुखणें राहून कमरेचें हाड मोडतें.

उपद्रवाकडे लक्ष देऊनच औषधाची मात्रा ठरवावी, हें तत्त्व हृदयाच्या औषधांइतकेंच जुनें आहे. इंग्लंडांत विल्यम विदरिंग यांनीं १७८५ सालीं डिजिटॅलिस या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला. मात्रा अधिक झाली असतां ओकारी येते, नाडी फार मंद होते, पदार्थ हिरवे-पिवळे दिसूं लागतात, हें त्यांनीं लिहून ठेविलें, आणि तीं चिन्हें दिसतांच औषध थांबविण्यास सांगितलें. याच जातीच्या वनस्पतींतून मिळणारें डिगॉक्सिन आजही दिलें जातें. तें घेणाऱ्याची जेवणावरील वासना एकाएकीं उडाली तर "पोट बिघडलें" म्हणून लंघन घालण्यापूर्वीं डॉक्टरांस कळवावें.

आपल्याकडील उदाहरण सर्पगंधेचें. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं या मुळीचा रक्तदाबावरील उपयोग १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचें लक्ष तिकडे वेधलें. १९५७ सालीं त्यांस अमेरिकेंतील लास्कर पुरस्कार मिळाला. मुळींतील रेसर्पिन हें द्रव्य १९५२ सालीं वेगळें काढण्यांत आलें, आणि काहीं वर्षें तें रक्तदाबाचें एक प्रमुख औषध होतें. पण तें घेणाऱ्यांपैकीं काहींचें नाक चोंदे, काहीं सुस्त होत, आणि काहींच्या मनास अशी उदासीनता येई कीं जगणें नकोसें वाटे. पुढें अधिक सोयीचीं औषधें आलीं व तें मागें पडलें. "झाडपाल्याचें औषध, तें काय अपाय करणार?" असें म्हणणाऱ्या वाचकांनीं ही हकीकत ध्यानीं ठेवावी. तिची आठवण पुढें एकदां पडणार आहे.

सर्वांत मोठा घोटाळा खोकल्यानें होतो. रामिप्रिल, एनालाप्रिल अशीं ज्यांचीं नांवें ‘प्रिल’ या अक्षरांनीं संपतात, तीं औषधें ब्राझील देशांतील जराराका नामक सर्पाच्या विषावरील संशोधनांतून निघालीं. पहिलें कॅप्टोप्रिल अमेरिकेंत १९८१ सालीं मान्य झालें. अशक्त झालेल्या हृदयास हीं औषधें मोठा आधार देतात. परंतु ज्या क्रियेस तीं अडवितात तिच्याच योगानें ब्रॅडिकायनिन नांवाचें एक द्रव्य शरीरांत मोडत असतें. तें मोडेनासें झालें म्हणजे सांचतें आणि घशांत खवखव उत्पन्न करतें. खोकला कोरडा, कफ नाहीं, ताप नाहीं. रात्रीं आडवें झालें कीं अधिक. बायकांत तो पुरुषांहून जास्त आढळतो. आणि तो पहिल्या दिवशींच येतो असें नाहीं. आठवड्यांनीं, क्वचित् महिन्यांनींही येतो. त्यामुळें गोळीवर कोणाचा संशय जात नाहीं.

आमच्या आप्तवर्गांतील एका काकूंची गोष्ट सांगतों. हृदयाचा एक झटका येऊन गेल्यावर त्यांस रामिप्रिल सुरू झालें. तीन आठवड्यांनीं खोकला लागला. पावसाळा होता, पहिला आरोप हवेवर आला. मग उदबत्तीच्या धुरावर, मग शेजारच्या बांधकामाच्या धुळीवर. अडुळशाचा काढा झाला, हळदीचें दूध झालें, खोकल्याच्या दोन बाटल्या संपल्या, छातीचें चित्रही काढून झालें. त्यांत कांहीं निघालें नाहीं. नातवाची दहावीची परीक्षा जवळ आली तेव्हां आपल्या खोकल्यानें त्याची झोंप मोडूं नये म्हणून काकूंनीं अंथरूण स्वयंपाकघरांत नेलें. तेथें ओट्याखालीं, थंड फरशीवर, उशींत तोंड खुपसून त्या खोकत. घरांत नऊ माणसें. कोणाच्या कानीं तो आवाज पडला नाहीं असें नव्हे, पण तो प्रत्येकाच्या सवयीचा झाला होता.

याच सुमारास कोणी तरी त्यांस ज्येष्ठमधाची कांडी चघळण्यास सांगितलें. घशास बरें वाटलें, म्हणून कांडी दिवसभर तोंडांत राहूं लागली. ज्येष्ठमध थोडें व थोडे दिवस घेतलें तर निरोगी माणसास सहसा बाधत नाहीं. परंतु रोज व पुष्कळ घेतलें असतां तें शरीरांत मीठ व पाणी धरून ठेवतें, पोटॅशियम घालवितें आणि रक्तदाब चढवितें. हृद्रोग्यास याहून वाईट तें काय? काकूंचा रक्तदाब चढला, पावलें सुजलीं, आणि पुढच्या भेटींत डॉक्टरांनीं साहजिकच एक औषध वाढविलें. ज्येष्ठमधाची गोष्ट त्यांस कोणीं सांगितली नव्हती, कारण तें औषध आहे असें कोणासच वाटलें नव्हतें. म्हणजे गोळीनें खोकला, खोकल्यासाठीं ज्येष्ठमध, ज्येष्ठमधानें रक्तदाब, आणि रक्तदाबासाठीं आणखी एक गोळी!

हा गुंता सोडविला तो त्यांच्या धाकट्या सुनेनें. ती घरखर्चाची वही लिहीत असे. औषधांच्या पावत्या लावतां लावतां तिच्या ध्यानांत आलें कीं, रामिप्रिलची पहिली पावती जूनच्या आरंभीं आणि खोकल्याच्या बाटलीची पहिली पावती जूनच्या अखेरीस. तिनें वही डॉक्टरांपुढें ठेवली. "सासूबाई स्वतः सांगायच्या नाहींत, म्हणून मी सांगतें," एवढेंच ती म्हणाली. डॉक्टरांनीं ‘प्रिल’ बंद करून त्याऐवजीं ‘सार्टन’ वर्गांतील औषध दिलें; हृदयास आधार बहुतेक तोच, पण ब्रॅडिकायनिन सांचत नाहीं. ज्येष्ठमध अर्थातच बंद झालें, आणि वाढविलेली गोळीही कांहीं दिवसांनीं उतरली. खोकला तिसऱ्या आठवड्यांत थांबला. पांच महिने ती बाई स्वयंपाकघरांत निजली होती.

येथेंच एक इशारा. या ‘प्रिल’ औषधांनीं क्वचित् ओठ, जीभ किंवा चेहरा एकाएकीं सुजतो. तो खोकल्यासारखा सोसण्याचा विषय नव्हे. श्वास अडूं शकतो. वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें, आणि पुढें तें औषध पुनः कधीं घेऊं नये.

पावलांच्या सुजेची कथा अशीच आहे. अम्लोडिपिन हें रक्तदाबाचें औषध आज घरोघर आहे. त्यानें बारीक धमन्या सैल होतात, शिरा तितक्या होत नाहींत. म्हणून केशवाहिन्यांतून पाणी पाझरून घोट्यांशीं सांचतें. संध्याकाळीं चपलेचा पट्टा रुततो, मोज्याची खूण उमटते. शरीरांत पाणी फाजील झालेलें नसतें, तें केवळ जागा सोडून गेलेलें असतें. त्यामुळें लघवी वाढविणाऱ्या गोळीनें ही सूज फारशी हटत नाहीं. मात्र म्हाताऱ्या माणसास रात्रींतून चार वेळां उठावें लागतें, आणि अंधारांत पाय घसरतो. औषधाची मात्रा कमी केल्यानें, दुसऱ्या वर्गाचें औषध जोडल्यानें किंवा तें बदलल्यानें काम भागतें. पण सूज एकाच पायास असेल व पोटरी दुखत असेल, किंवा सुजेबरोबर धाप लागत असेल, तर तो गोळीचा दोष समजून स्वस्थ बसूं नये. कारण निराळें आणि गंभीर असूं शकतें.

आतां गुपचूप सोडणाऱ्यांकडे वळूं. आमच्याबरोबर एकाच शाळेंत तीस वर्षें शिकविलेले एक स्नेही रोज सकाळीं पर्वती चढत. हृदयविकारानंतर त्यांस मेटोप्रोलोल मिळालें. या वर्गाचीं औषधें हृदयाची धांव आवरतात. त्याबरोबर माणसाचीही आवरतात. हातपाय गार पडतात, दम कमी होतो, रात्रीं विचित्र स्वप्नें पडतात. आमचे स्नेही अर्ध्या पायऱ्यांवर बसूं लागले. "अहो मास्तर, मला वाचवलें खरें, पण म्हातारा करून वाचवलें," असें ते आम्हांस म्हणत. डॉक्टरांस मात्र हें सांगितलें नाहीं. कां, तर डॉक्टर विचारतात छातींत दुखतें का, आणि छातींत तर दुखत नव्हतें! एका सोमवारीं त्यांनीं स्वतःच्या अधिकारांत गोळी बंद केली. दोन दिवस मोठे उत्साहाचे गेले. गुरुवारीं पहाटे छाती आंवळून आली, घाम सुटला, आणि त्यांस अतिदक्षता विभागांत हलवावें लागलें. हीं औषधें दीर्घ काळ घेतल्यानें हृदय उत्तेजक द्रव्यांविषयीं अधिक हळवें झालेलें असतें. बांध हळूहळू न उतरवितां एकदम फोडला म्हणजे ठोके धांवतात, रक्तदाब उसळतो, आणि रोगट हृदयास झटका येऊं शकतो. दैवयोगानें ते वांचले. मग नाडी मोजली, जुने आंकडे पाहिले, मात्रा टप्प्याटप्प्यानें निम्मी झाली. दोन ठिकाणीं विसावा घेऊन ते आतां वरपर्यंत जातात. हीच निम्मी मात्रा त्या सोमवारीं एका शब्दावर मिळाली असती.

कांहीं उपद्रव असे आहेत कीं, ज्यांचा उच्चार घरांत होत नाहीं. स्पायरोनोलॅक्टोन या औषधानें काहीं पुरुषांचे स्तन सुजतात व दुखतात. तो गृहस्थ नातवंडांसमोर सदरा काढीनासा होतो, उघड्यानें पूजेस बसेनासा होतो, आणि घरच्यांस वाटतें कीं स्वभाव बदलला. त्याऐवजीं दुसरें औषध देतां येतें. रक्तदाबाच्या कांहीं औषधांनीं दांपत्यजीवनांत उणीव येते. तीविषयींही डॉक्टरांशीं एकांतांत बोलण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. लाजेपोटीं दुकानांतून परस्पर शक्तीची गोळी आणून घेणें मात्र घातक आहे. ज्यास नायट्रेट चालू आहे त्यानें ती घेतली तर रक्तदाब एकाएकीं कोसळून प्राणावर बेततें. हें वाक्य कुटुंबाच्या मासिकांत छापावें कीं नाहीं, यावर आमचा थोडा विचार झाला. छापणेंच बरें असें ठरलें.

स्टॅटिन या मेद उतरविणाऱ्या औषधांची मात्र तऱ्हाच न्यारी. त्यांच्याविषयीं जितकें बोललें जातें तितकें कोणत्याच गोळीविषयीं बोललें जात नसेल. पाकिटांतील कागद मोठ्यानें वाचणारे एक काका घरोघर असतात, आणि उरलेली भीति व्हॉट्सॲपवरून येते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं २०२० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. उपद्रव झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांस त्यांनीं बारा महिन्यांसाठीं बारा बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी निर्गुण गोळी, आणि चार रिकाम्या. प्रत्येकानें रोज आपल्या त्रासास शंभरांपैकीं गुण द्यावयाचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण पडले, स्टॅटिनच्या महिन्यांत सुमारें १६. आणि निर्गुण गोळीच्या महिन्यांत सुमारें १५! म्हणजे त्रासाचा बहुतेक भाग गोळी घेण्याच्या क्रियेंतून, तिच्याविषयींच्या धास्तींतून येत होता. आपलेच आंकडे पाहिल्यावर त्यांपैकीं निम्म्यांनीं औषध पुनः सुरू केलें.

यावरून "तुमचें दुखणें मनाचें आहे" असें कोणी वडील माणसास सुनावील तर तें चुकीचें होईल. वेदना खरीच असते. तिचें कारण तेवढें निराळें असूं शकतें. शिवाय थोड्या माणसांत स्नायूंस प्रत्यक्ष इजा होते. दोन्ही मांड्या किंवा दंड सतत दुखणें, जिना चढतांना पायांत बळ नसणें, आणि विशेषतः लघवी चहासारखी काळसर होणें, ह्या खुणा दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. रक्ताच्या एका परीक्षेनें खरें काय तें कळतें.

रक्त न गोठूं देणाऱ्या औषधांविषयीं लोक नेमके उलटे वागतात. हातावर निळे डाग दिसले कीं घाबरून गोळी बंद. शौच डांबरासारखें काळें झालें तर तिकडे दुर्लक्ष. काळें शौच म्हणजे पोटांत रक्तस्राव असण्याचा संभव, तेथें थांबणें नको. (लोहाच्या गोळीनेंही रंग काळा होतो, पण हा निवाडा आपण करूं नये.) निळ्या डागांसाठीं मात्र, विशेषतः हृदयाच्या रक्तवाहिनींत जाळीची नळी बसवून थोडेच महिने झाले असतील तर, क्लोपिडोग्रेल वा ॲस्पिरिन आपल्या मनानें एक दिवसही सोडूं नये. सोडल्यास त्या नळींतच रक्त गोठून मोठा झटका येऊं शकतो. दांत काढावयाचा असला तरी आधीं दंतवैद्य व हृदयाचे डॉक्टर यांचें एकमत होऊं द्यावें.

ज्यांस कृत्रिम धातूची झडप बसविली आहे त्यांस वॉरफरिन घ्यावें लागतें, आणि तेथें स्वयंपाकघराचा संबंध फार निकटचा. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व या औषधाचा जोर कमी करतें. श्रावणांत आपल्याकडे एकाएकीं पालेभाज्यांचा सुकाळ होतो. आज अळूचें फदफदें, उद्यां मेथी, परवां माठ. आणि तीच व्यक्ति मार्गशीर्षांत उपवास धरून आठवडेच्या आठवडे पान खात नाहीं. अशा हेलकाव्यांनीं रक्ताची परीक्षा कधीं उणी, कधीं अधिक येते. पालेभाजी सोडण्याची गरज नाहीं. तिचें प्रमाण वर्षभर साधारण सारखें असावें, एवढेंच हवें.

उपवासांचा विषय निघालाच आहे. लघवीची गोळी चालू असतांना निर्जळी एकादशी करणें, किंवा ओकाऱ्या-जुलाब होत असतांही डबींतील सर्व गोळ्या निष्ठेनें घेत राहणें, यानें शरीर सुकतें, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा दिवसांत कोणती गोळी थांबवावी हें डॉक्टरांस आधींच विचारून डबीच्या झांकणावर लिहून ठेवावें. गुडघेदुखीसाठीं दुकानांतून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्याही ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ आणि लघवीची गोळी यांच्या जोडीस मूत्रपिंडांचें फार नुकसान करतात. आमच्या मतें एकत्र कुटुंबांतील सर्वांत मोठा धोका हाच. एकाची दुखण्याची गोळी दुसरा सहज उचलतो.

डॉक्टरांची भेट दहा मिनिटांची असते, आणि त्यांतील सात मिनिटें कागद शोधण्यांत जातात. म्हणून घरांत एक वही असावी. कोणती गोळी कोणत्या तारखेस सुरू झाली, कोणती वाढली, आणि कोणता त्रास कोणत्या तारखेस आला, एवढेंच तींत लिहावें. काढा, चूर्ण, कांडी हेंही सर्व त्याच वहींत. पाटावरून किंवा बिछान्यावरून उठतांना घेरी येत असेल तर बसून आणि उभें राहून असा दोनदां रक्तदाब मोजून तो टिपावा. विचारणें मात्र घरच्यांनीं करावें, आणि नेमकें करावें. "बरें आहे ना, मामंजी?" या प्रश्नास उत्तर एकच येतें. "मामंजी, ही पिवळी गोळी सुरू झाल्यापासून रात्रीं किती वेळां उठतां?" असें विचारल्यास खरें उत्तर मिळतें. एखादा उपद्रव विशेष वाटला तर तो सरकारासही कळवितां येतो. औषधांच्या उपद्रवांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० सालीं सुरू झाला असून त्याचें केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगांत आहे, आणि तेथें डॉक्टरांप्रमाणें रुग्णासही नोंद करतां येते.

एक गोष्ट राहिली. रक्तदाबासाठीं मीठ कमी करा म्हटलें कीं, हल्लीं घरांत दोन पदार्थ येतात. एक सैंधव, तें उपवासास चालतें म्हणून निर्दोष समजलें जातें, पण तेंही बहुतांशीं सोडियमचेंच मीठ आहे. दुसरें ‘कमी सोडियमचें’ म्हणून विकलें जाणारें मीठ. त्यांत सोडियमचा कांहीं भाग काढून त्याऐवजीं पोटॅशियम क्लोराइड घातलेलें असतें. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसास तें उपयोगी पडेल. परंतु ‘प्रिल’, ‘सार्टन’ व स्पायरोनोलॅक्टोन हीं औषधें शरीरांत पोटॅशियम आधींच वाढवीत असतात, आणि तें फार वाढलें तर हृदयाचे ठोके चुकतात, थांबूंही शकतात. रोजच्या शहाळ्याचेंही तसेंच. तेव्हां पुडक्यावरील बारीक अक्षरें चष्मा लावून वाचावीं, आणि त्यांत पोटॅशियम हा शब्द आढळल्यास डॉक्टरांस विचारल्यावांचून तें मीठ आमटींत घालूं नये.